ऊद की ऊदु

माझ्या मुलीच्या तपासणीत काहीतरी निघू दे, असं मी दवाखान्याच्या बाकावर बसून देवाला सांगत होते. कुठली आई असं मागते? पण मी मागत होते खरी.

काही निघालं नसतं, तर शिवलीला दुसऱ्याच दिवशी शाळा सोडून सासूबाईंबरोबर निपाणीजवळच्या गावी जाणार होती. "बेंगळूरची हवा पोरीला सोसत न्हाई," असं आत्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. मी सासूबाईंना आत्या म्हणते. आणि माझा नवरा, नागराज, आईपुढे नुसता नंदीबैल. पोर रात्री उठून खोकत बसायची, पळाली की छातीत शिट्टी वाजायची. औषधाच्या बाटल्या झाल्या, एक्स-रे स्वच्छ आला. "फोटूत काय न्हाई म्हंजे हवाच," आत्या म्हणाल्या. एक तपासणी राहिलीय, तेवढी होऊ दे, असं मी हट्टानं म्हटलं. "कर. काय निघालं न्हाई तर पोरगी माझी." तिचे फ्रॉक आत्यांच्या पिशवीत जाऊन बसलेसुद्धा होते.

मी उठत होते, बसत होते, पाणी पीत होते. आत्या शांत. त्या शांत बसल्या की माझं डोकं जास्तच फिरतं.

"दम धर की जरा," त्या म्हणाल्या.

दार अर्धवट उघडं होतं. तपासणी करणाऱ्या हयवदननं शिवलीलाच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली. छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा एका झटक्यात नळीत सोडायचा, एवढंच काम. तिनं फुंकायला सुरुवात केली आणि हा मॅच बघितल्यासारखा ओरडायला लागला, "ऊदु, पुट्टा! ऊदु, ऊदु, ऊदु!"

आत्या ताठ झाल्या. त्यांचं कन्नड बेकु-बेडाच्या, म्हणजे हवं-नकोच्या, पुढे जात नाही. "ऐकलास? ऊद, ऊद म्हणतोय. मी रोज तिनीसांजेला पोरीला ऊद घालतोय तर तू नाक मुरडतीस!"

कन्नडमध्ये ऊदु म्हणजे फुंक, पुट्टा म्हणजे बाळा. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण अंगाचा असा तिळपापड झाला होता की मी तोंडच उघडलं नाही.

डॉक्टर धनलक्ष्मी बाहेर आल्या. फुंकर कमी पडतेय म्हणाल्या, पण तेवढ्यावरून ठरत नाही. आता पंपानं औषध देऊ, थोडा वेळ थांबू, पुन्हा फुंकायला लावू. आवळलेल्या श्वासनळ्या औषधानं उघडल्या, तर दमा. मग पुन्हा ते बाक. पुन्हा उठणं, बसणं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी डॉक्टरांनी आत बोलावलं. पडद्यावर दोन रेघा होत्या, पहिली बसकी, दुसरी चांगली उंच. "अस्थमाच," त्या म्हणाल्या. "रोज औषध घेतलं तर पळेल, खेळेल." मला हुश्श झालं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

"घरात कुणी सिगरेट ओढतं? धूर असतो?"

डॉक्टरांचा प्रश्न मी मराठीत सांगितला, तशी आत्यांनी कमरेच्या बटव्यातून उदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. "ह्यो बघा. तुमचा मानूस म्हणत हुता त्योच. मी रोज दार लावून घालतोय."

डॉक्टरांचा चेहरा बघून मला कळलं, आता माझी पाळी. "आत्या, ऊदु म्हणजे फुंक! ऊद घालायला कुणी सांगितलं नाही. धुरानं तिच्या नळ्या आणखी आवळतात!" माझा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार.

"म्हंजे... मीच?" आत्यांचा हात पुडीवर तसाच राहिला.

डॉक्टरांना शब्द कळले नाहीत, पण आत्या कळल्या. त्या मला कन्नडमध्ये म्हणाल्या, "अज्जींना सांगा, दमा त्यांच्यामुळे झालेला नाही. खोकला त्या यायच्या आधीपासून आहे. धुरानं फक्त वाढतो." हे वाक्य मी गिळू शकले असते. आत्यांना काही पत्ता लागला नसता. क्षणभर जिभेवर धरलं आणि मग मराठीत सांगितलं, सगळं, जसंच्या तसं.

आत्यांनी डोळे पुसले. पुडी तिथल्याच केराच्या डब्यात टाकली.

संध्याकाळी दिवा लागला, ऊद नाही. आत्यांनी पिशवीतले फ्रॉक काढून कपाटात ठेवले आणि स्वतःची लुगडी आत भरली. मग रोज ऊद घालायच्या त्याच जागी शिवलीलासमोर बसल्या. पंप ओढण्याआधी श्वास बाहेर सोडायचा असतो, एवढं त्यांनी दवाखान्यात नीट बघून ठेवलं होतं.

"ऊदु, बाळा," त्या म्हणाल्या. "ऊदु. हां, आता वढ."

मला हसू आलं आणि रडूही. मी उठले, पिशवीतून लुगडी काढली आणि फ्रॉकच्या शेजारी ठेवली.

"आगं, उद्याची गाडी हाय माझी."

"इथली हवा तुम्हाला सोसते का बघू," मी म्हटलं. "राहा अजून."