पोकळीत आधीच बसलेलं काहीतरी

प्रयोगशाळेत तिला सगळे शंकाबाई म्हणत, तेही तोंडावर. निकाल हवा तसा आला तर ती तो पुन्हा पाहायची आणि नको तसा आला तर आणखी दोनदा. मंगळवारी तिने एक निकाल तीनदा पाहिला. तिन्ही वेळा तो घड्याळवाल्या काकांच्या विरुद्ध गेला.

काका एकाहत्तर वर्षांचे. पन्नास वर्षं एकाच दुकानात बसून घड्याळं दुरुस्त करत आलेले. शरीर रोगजंतूंशी लढायला जी प्रतिपिंडं बनवतं त्यांत जड साखळ्या असतात आणि हलक्या असतात. काकांच्या अस्थिमज्जेतल्या पेशींची एक टोळी नुसत्या हलक्या साखळ्या बनवत सुटली होती. या साखळ्या दोन-दोनच्या जोडीने राहतात आणि जोडीच्या मधे एक चिंचोळी पोकळी असते. जोडी सैल झाली की साखळ्या उलगडतात, त्यांचे धागे होतात. काकांचे धागे हृदयात साचत होते. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून ते आता धापा टाकत.

पेशींना आवरायचं औषध चालू होतं. त्याच्या जोडीला एका नव्या औषधाची चाचणी सुरू होणार होती. त्याचा रेणू अगदी लहान. तो पोकळीत जाऊन बसतो आणि जोडी घट्ट धरून ठेवतो, अशी आशा होती. पण प्रत्येक रुग्णाची साखळी वेगळी, पोकळीही वेगळी. म्हणून आधी लघवीतून साखळ्या गाळून काढायच्या आणि त्यांत औषध बसतं का ते बघायचं. ज्यांच्यात बसेल त्यांचीच नावं यादीत. यादी शुक्रवारी चारला बंद.

तपासणी साधी होती. एक रंग असा होता की पाण्यात मोकळा असला तर विझल्यासारखा, पोकळीत शिरला की हिरवा उजळायचा. मग औषध घातलं की ते रंगाला उठवून स्वतः त्याच्या जागी बसायचं आणि उजेड उतरायचा. काकांच्या नमुन्यात रंग उजळलाच नाही.

डॉक्टरांनी कागद पाहून मान हलवली. काहींची पोकळी फार अरुंद असते, नाव वगळा, म्हणाले.

शंकाबाईने नाव वगळलं नाही. तिच्या डोक्यात दुसरंच काही अडकलं होतं. तुलनेसाठी ठेवलेल्या नळीत रंग नव्हता, औषध नव्हतं, फक्त काकांच्या साखळ्या होत्या. तरी जांभळ्या दिव्याखाली ती नळी निळसर दिसत होती. एकटं प्रथिन असं डोळ्यांना दिसेल इतकं कशाला चमकेल? तिने तो द्रव बारीक चाळणीतून गाळला. सुटं असलेलं सगळं खाली वाहून गेलं. निळाई वर, साखळ्यांबरोबरच राहिली.

ती परत डॉक्टरांच्या दारात उभी राहिली.

“पोकळी अरुंद नाही, डॉक्टर. ती भरलेली आहे.”

“कशाने?”

“तेच तर माहीत नाही.”

काकांच्या गोळ्यांची यादी दोघांनी मिळून पाहिली. त्यांतलं काहीच असं चमकणारं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, शोधा, पण शुक्रवारी चार वाजून गेल्यावर माझ्या हातात काही राहणार नाही.

बुधवारी सकाळी नवी बाटली पिशवीत घालून ती दुकानात गेली. काका भिंग डोळ्याला लावून बसले होते. समोर पांढऱ्या फडक्यावर एका घड्याळाची चाकं ओळीने मांडली होती. काकू मागच्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लावत होत्या. शंकाबाईने आधी खाण्यापिण्याचं विचारलं, मग काढ्यांचं, मग मलमांचं. उत्तरं सगळी नाही अशीच आली. शेवटी तिने बाटलीबद्दल विचारलं. दिल्यापासून परत येईपर्यंत ती कुठे होती, कोणी हात लावला?

“अहो ताई, ती तर तुम्ही अस्वच्छच दिली होती,” काका म्हणाले. “तळाशी पांढरी पूड होती. मी स्वच्छ धुऊन घेतली.”

ती पूड नमुना टिकावा म्हणून प्रयोगशाळेनेच घातलेली होती. हे काकांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि बाटलीवरही लिहिलं नव्हतं.

“हे हॉटेलातला चमचासुद्धा रुमालाने पुसल्याशिवाय तोंडात घालत नाहीत,” काकू म्हणाल्या. “बाटली रात्रभर भिजत घातली होती. कपड्यांच्या पावडरीत. मी म्हटलं, त्यांना मोती ठेवायचे नाहीयेत तिच्यात.”

“आणि मग नुसती एकदा विसळली,” काका जरा ओशाळून म्हणाले. “दम लागला म्हणून.”

शंकाबाईची नजर त्या पांढऱ्या फडक्यावर गेली. काच चिकटवायचा डिंक सुकवायला काकांकडे जांभळा दिवा होता. तिने तो मागितला आणि फडक्यावर धरला. फडकं निळं पेटल्यासारखं झालं. काकूंनी पदराचं टोक पुढे केलं, तेही तसंच.

कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत एक चमकणारा पदार्थ घालतात. त्याचा रेणू चपटा असतो, आणि एकदाच विसळलेल्या बाटलीत तो चिकटून उरला होता. तिने हे काकांना सांगितलं, आणि सांगता सांगताच पुढचंही तिच्या लक्षात आलं. चपटा लहान रेणू आत शिरला आणि चाळणीलाही दाद न देता बसून राहिला, म्हणजे जागा होती. आणि चांगली होती.

नवी बाटली तिने काकांच्या हातात दिली. पुडीसकट.

“ही धुऊ नका.”

“आत पूड आहे.”

“असू दे.”

काकांनी बाटली उजेडात धरली, झाकण काढलं, पुन्हा लावलं. हे त्यांना किती जड जातंय ते काकू बघत होत्या. त्यांनी बाटली काढून घेतली आणि स्वतःजवळ ठेवली.

गुरुवारी दुपारी नमुना आला. शुक्रवारी अकरापर्यंत साखळ्या गाळून झाल्या. एकट्या साखळ्यांची नळी दिव्याखाली अंधारी राहिली. रंग घातला, हिरवा उजळला. औषध घातलं, उजेड पायरी पायरीने उतरला. शंकाबाईने ते सगळं पुन्हा केलं आणि मग तिसऱ्यांदा. डॉक्टर दोनदा दारात येऊन घड्याळ पाहून गेले. तीन वाजून वीस मिनिटांनी नाव यादीत चढलं.

तिने फोन करून औषध पोकळीत बसलं, नाव चढलं, असं काकांना सांगितलं. काका म्हणाले, “बसलं ते. पण निघणार नाही ना?”

तिने खोटं सांगितलं नाही. निघतं, परत बसतं, पुन्हा निघतं, म्हणून गोळी रोज घ्यायची. हृदयाला किती आराम पडेल ते सहा महिन्यांनी कळेल, कदाचित नाहीही पडणार.

“रोज चावी द्यायची म्हणजे,” काका म्हणाले. “ती सवय आहे मला.”

फोन ठेवून तिने उरलेल्या बाटल्या पुढे ओढल्या आणि एकेकीवर चिठ्ठी चिकटवायला घेतली. आतली पूड आमचीच आहे. बाटली धुऊ नये.