बारा जड कुंड्या

तिला सगळे भिंगरीच म्हणायचे, कारण प्रयोगशाळेत ती चालायचीच नाही, पळायची. आणि ती घाईच नडली हो तिला!

झालं असं, की टोमॅटोच्या बारा रोपांत तिने एक जनुक जास्तच जागं करून ठेवलं होतं, पानांवर रोग पडू नये म्हणून. आणि खरंच पडला नाही! मग म्हणाली, आता पाण्यावाचून तगतात का बघू. पाणी बंद. रोज सकाळी कुंड्या वजनाच्या काट्यावर. शेजारच्या साध्या रोपांच्या कुंड्या हलक्या होत गेल्या, पानं लोंबली. ह्या बारा मात्र जडच्या जड, आणि रोपं कशी टवटवीत!

काचघर सांभाळायचे मामा. रोपांवर भारी जीव. एखादं रोप मान टाकायला लागलं की म्हणायचे, "बघवत नाही गं." झालं, हिच्या डोक्यात तेच बसलं.

"मामा, चोरून पाणी घातलंत ना?"

"नाही गं पोरी. थेंबसुद्धा नाही."

"मग काय कुंड्यांना पाझर फुटला?"

तिथेच थांबायची ना! पण नाही, थेट प्रयोगशाळेच्या मॅडमकडे गेली, सगळ्यांसमोर बोलली. मामांनी काचघराची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेले. परत आलेच नाहीत.

हिने प्रयोग नव्याने लावला. काचघराला कुलूप, किल्ली स्वतःच्या गळ्यात. अकराव्या दिवशी बघते तर काय, ह्याही वेळी त्या बारा कुंड्या जडच! पान सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पानाला बारीक बारीक तोंडं असतात ना, जंतू तिथूनच आत शिरतात आणि पाणीही तिथूनच उडून जातं. ते जनुक ती तोंडं पटकन मिटवून टाकत होतं. रोग बाहेरच, पाणी कुंडीतच!

मॅडमनी पाठ थोपटली. हिला रडू फुटलं.

मामा चपलांच्या दुकानात खोकी रचत होते. हिने एका दमात सगळं सांगून टाकलं. मामांचा चेहरा उजळला.

"म्हणजे खरंच तगली?"

"हो मामा. चुकलं माझं. चला ना परत, मॅडमनीच बोलावलंय."

मामांनी खोक्याचं झाकण नीट बसवलं. "काटा खरं सांगत होता गं, आणि मीही. तुला दोघांतला एकच खरा हवा होता."

तिने खाली पडलेलं एक झाकण उचलून त्यांच्या हातात दिलं.

"पाणी कोण घालतं आता?"

"मी."

"सकाळीच घालत जा. उन्हात नको," म्हणाले, आणि पुढचं खोकं उचललं.