चार नंबरचा व्हय

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, असं सासूबाईंनी मला शिकवलं होतं. कृष्णात जिवंत होता तोवर मी ते पाळलं. आता घेते. माझ्यावर सगळा पसारा टाकून जो निघून जातो, त्याला आणखी मान कशाला द्यायचा?

निपाणीत आमचं साउंडचं काम. लग्न, बुद्धजयंती, जत्रा, जे येईल ते. मिक्सरवर मी बसायची आणि बॉक्सपाशी तो. बाई बटणं फिरवते म्हणून लोक हसायचे, तेव्हा कृष्णात म्हणायचा, "तिचा कान माझ्यापेक्षा तिखट हाय." एवढं एक बरं बोलायचा.

कार्यक्रमाआधी आमची एक रीत होती. मी माइकवर विचारायची, "एक?" त्यानं पहिल्या बॉक्सपाशी जायचं, वायर बघायची, आवाज ऐकायचा आणि ओरडून सांगायचं, "व्हय!" मग "दोन?" "व्हय!" सहाही बॉक्सचा व्हय आला की मी गाणं लावायची.

खरं सांगायचं तर तो कितीतरी वेळा सावलीला बूड टेकून एका जागेवरूनच सगळे व्हय ठोकून द्यायचा. चिकोडीकडच्या एका लग्नात असाच लिंबाखाली बसून त्यानं चार नंबरचा व्हय दिला, आणि थोड्या वेळानं तोच बॉक्स सरकवायला गेला. जमीन ओली होती. वायर एका ठिकाणी सोलली होती. त्याची वेळ आली होती, असं लोक म्हणाले. वेळबिळ काही नाही. त्यानं बघितलं नव्हतं. त्याच्यावर मी अजून चिडलेली आहे.

सामान विकून टाक, असं सगळ्यांनी सांगितलं. मी विकलं नाही, उलट वायरिंग बदललं. पूर्वी प्रत्येक बॉक्सला आवाज वाढवणाऱ्या मशीनपासून वेगळी वायर जायची, मांडवात नुसता शेवयांचा गुंता. एकट्या बाईला तो उलगडायचा कसा? मी पोटातच मशीन असलेले बॉक्स घेतले. आता मिक्सरमधून एकच वायर पहिल्या बॉक्सला, पहिल्याच्या पाठीतून दुसऱ्याला, दुसऱ्याच्या पाठीतून तिसऱ्याला. उसाच्या ट्रॅक्टरमागं ट्रॉली आणि तिच्यामागं आणखी एक ट्रॉली, तसं. करंटची वायरही तिलाच टेपनं बांधून नेलेली. सरळ एक ओळ. दुसऱ्या माणसाची गरजच नाही.

तो गेल्यानंतरचं पहिलं काम संकेश्वरला एका लग्नाचं होतं. बॉक्स मांडले, मिक्सरवर बसले आणि सवयीनं तोंडातून गेलं, "एक?" बोलले आणि आठवलं की तिकडं कोणी नाही. माझा हात बटणावर तसाच राहिला.

मांडवाच्या मागून, आचाऱ्याच्या चुलवणापलीकडून, आवाज आला. "व्हय!"

बॉक्समधून नाही. माणूस लांबून तोंडानं ओरडतो तसा. शेवटी थोडा ओढलेला, त्याचाच. उठून पळायला हवं होतं. मी माइक तोंडाशी धरला आणि म्हटलं, "दोन?"

"व्हय!"

त्या दिवशी सहाही मिळाले. घरी येऊन मी पोटभर रडले आणि भाकरीही नीट खाल्ली. त्यानंतर जिथं काम असेल तिथं तो यायचा. मी विचारायची, तो सांगायचा. बाकी एक शब्द नाही. जिवंतपणीही फार बोलका नव्हताच.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. माझा धाकटा दीर दीपंकर एकदा जबरदस्तीनं मदतीला आला आणि बॉक्सपाशी उभा राहिला. मी "एक?" म्हटलं तर त्याचाच "व्हय वहिनी" आला. कृष्णातचा नाही. शेवटपर्यंत नाही. दुसरं कोणी तिथं उत्तर द्यायला उभं राहिलं की तो गप्प, हे मला त्या दिवशी कळलं. मी दीपंकरला चहा पाजला आणि पुन्हा येऊ नको म्हणून सांगितलं. बिचारा तोंड एवढंसं करून गेला.

माझी मुलगी अक्षरा माझ्यामागं हात धुऊन लागली होती. ती चिकोडीच्या वाटेवरच्या एका शाळेत शिकवते. "आई, एकटीनं करंटचं काम करू नगं. काकाला ने की संगती. बाबांचं झालं तेवढं बास न्हाय व्हय?"

"माझी वायर सरळ हाय गं. एका नजरेत दिसती सगळी," मी म्हणायची. तिला काय सांगणार? दीपंकर आला तर तुझा बाप येत नाही म्हणून?

यंदा जानेवारीत तिच्याच शाळेचं गॅदरिंग आलं. भर दुपार, मोकळं मैदान. मांडववाला मष्णू सकाळपासून लोखंडी खांब उभे करत होता. मी ओळीनं सहा बॉक्स लावले. तीन नंबर स्टेजजवळ, चार नंबर मैदानाच्या पार टोकाला, शाळेच्या इमारतीच्या कोपऱ्यापलीकडं. पोरं रंगलेल्या तोंडांनी इकडंतिकडं पळत होती. स्टेजवर एक मुलगा कन्नडमधून आणि एक मुलगी मराठीतून स्वागताचं पाठ करत होती.

मी मिक्सरवर बसले. माझ्या जागेवरून इमारतीला घासून जेमतेम चार नंबर दिसत होता. तिथं अक्षरा आपल्या वर्गाला घेऊन पताका बांधत होती. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढली होती, आणि खाली पोरं दोरी धरून उभी होती.

"एक?"

"व्हय!" शाळेच्या फाटकाशी मोठी चिंच आहे, तिच्याखालून.

"दोन?" "व्हय!" "तीन?" "व्हय!"

माझं मन शांत होत चाललं होतं. ह्या व्हयसाठीच तर मी कामं घेत होते.

तेवढ्यात मैदानाच्या टोकाकडून घुर्र असा बारीक आवाज आला. बॉक्स घुरघुरत होता. एक ते तीन स्वच्छ, आणि पुढचे तिन्ही घुरघुरत होते. मघाशी हे नव्हतं.

"चार?" मी विचारलं.

"व्हय!"

घुरघुर तशीच. मी पुन्हा विचारलं, जरा दमात. "चार?"

"व्हय!" लगेच. दम न खाता. पहिल्या व्हयसारखाच, कणभरही वेगळा नाही.

मी चिंचेकडं बघितलं. बुंध्याशी ऊन आणि पाचोळा, बाकी कोणी नाही. मग इमारतीच्या कोपऱ्याकडं बघितलं. चिंचेखालून चार नंबर दिसतच नाही. मध्ये अख्खी शाळा आहे.

हा बघत नाही. संकेश्वरला चुलवणापलीकडून, इथं चिंचेखालून. कधीच बघत नव्हता. मेल्यावरसुद्धा हा माणूस सावलीला बसून व्हय म्हणतोय.

तिकडं अक्षरानं पताकेचं टोक दातात धरलं आणि दोन्ही हात लोखंडी खांबाकडं नेले.

ओरडायला वेळ नव्हता. मी मेन स्विच खाली ओढला. सगळं मैदान एकदम गप्प झालं. मग चप्पल न घालताच पळाले. इतक्या वर्षांत इतकी मी कधी पळाले नव्हते.

अक्षरा खांब धरून उभी होती. "काय झालं गं आई? लाइट गेली?"

"खाली उतर. हात काढ आधी."

मष्णूनं मघाशी खांब थोडा सरकवला होता. खांबाच्या बुडाची लोखंडी पाटी माझ्या वायरवर बसली होती. त्यानं पाटी उचलली. खाली दोन्ही वायरी चेचून एक झाल्या होत्या, आणि करंटच्या वायरीची तांब्याची तार उघडी पडून चकाकत होती. मष्णूच्या तोंडचं पाणी पळालं. "आक्का, मला दिसलीच न्हाय ओ. देवाशप्पत."

त्याला कुठल्या तोंडानं बोलणार? मी तरी कुठं बघितलं होतं?

पोरं दोरी धरून तशीच उभी होती. अक्षरा खुर्चीवरून उतरून माझ्याजवळ आली. मग हळूच म्हणाली, "तू दोनदा चार म्हणालीस. मी वळून बघितलं. उत्तर द्यायला इथं कोणच न्हवतं. तू विचारत हुतीस कुणाला?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते तिला द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "काकाला फोन कर. उद्यापासून ये म्हणावं."

"खरंच?"

"लाव फोन."

तिनं फोन लावला. दीपंकरचा आनंदलेला आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं भीतीचं समजलं आणि पाठीवरून हात फिरवला. मी तिला तसंच समजू दिलं. आज शेवटचा दिवस होता, आणि तो कशाचा, हे फक्त मला माहीत होतं.

मी जास्तीच्या दोन वायरी आणून तीन नंबरपासून चार नंबरपर्यंत नव्यानं ओढल्या. या वेळी टेपनं बांधल्या नाहीत. एक भिंतीकडून नेली, एक कुंपणाकडून. पोरांना लांब बसवलं आणि मेन वर केला. घुरघुर गेली होती. मी मिक्सरवर बसले नाही. माइक टेबलावर ठेवला, टेस्टर घेतला आणि पहिल्यापासून ओळीनं चालत निघाले. कुणाला काही विचारलं नाही. एक बघितला. दोन बघितला. तीन बघितला. चिंचेकडून काही आलं नाही.

चार नंबरपाशी आले आणि खाली वाकले. खांबाला टेस्टर लावणार, तेवढ्यात बॉक्समधून आवाज आला. अगदी हळू, माइक ओठाला लावून बोलावं तसा.

"चार?"

मी मान वर केली. इमारतीच्या कोपऱ्याला घासून माझं टेबल दिसत होतं. खुर्ची रिकामी. माइक मी ठेवला होता तिथंच, आडवा. लांबवर अक्षरा पोरांना ओळीत बसवत होती. कुणीच वळून बघितलं नाही.

सगळ्या संसारात मी विचारत आले आणि तो सांगत आला. आज पहिल्यांदा तो विचारत होता आणि बॉक्सपाशी मी होते. व्हय माझ्या ओठावर आला होता. किती सोपा शब्द. म्हटला असता तर तो पुढं "पाच" म्हणाला असता, मग "सहा". दीपंकर यायच्या आधी आणखी दोनदा त्याचा आवाज कानावर पडला असता.

"चार?" त्यानं पुन्हा विचारलं. जरा घाईनं, जिवंतपणी करायचा तशीच घाई.

मी गुडघ्यावर बसले. खांबाला टेस्टर लावला. मग बॉक्सच्या पाठीला. मग वायर हातात धरून जोडाकडून मागं मागं बघत निघाले, बोटाबोटानं.

"थांबा की अवं," मी म्हटलं, "अजून बघितलं न्हाय मी."