राखाडी रंगाखालचा बाण

नखाखाली अडकलेला तो राखाडी कपचा निघता निघेना. ओब्दुलियानं तो काडीनं उकरून पाहिला, मग दातानं, आणि जिभेवर रंगाची कडू चव आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण काहीच खाल्लेलं नाही, नुसतंच चिडलो आहोत. काल संध्याकाळपर्यंत घराच्या भिंतीवर बाण होता. पिवळा, यात्रेकरूंना वाट दाखवणारा, दोन विती लांब, टोकाशी जरा वाकडा — तिच्या नवऱ्याचा, एव्हेलिओचा हात तिथे नेहमी घसरायचा — आणि आज त्या जागी राखाडी चौकोन, कडा सरळ, पट्टी लावून मारल्यासारखा. पुढे खळ्याच्या कोपऱ्यावर नवा बाण. सान्तियागोच्या तीर्थाला पायी चाललेल्या यात्रेकरूंना तो गल्लीत शिरूच देत नव्हता, डावीकडे डांबरी रस्त्यावर वळवत होता. डांबरी रस्त्यावर मार्सियालचा नवा बार.

मार्सियाल एव्हेलिओच्या धाकट्या भावाचा मुलगा. आठ वाजता ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली तेव्हा तो खुर्च्या मांडत होता. त्यानं नाकारलंदेखील नाही.

“काकू, माणसं उन्हातून येतात. त्यांना थंड काहीतरी हवं असतं, बसायला सावली हवी असते. तुमच्या गल्लीत काय आहे? एक कुलूपबंद चर्च, आणि तुम्ही.”

“कुलूप मी उघडते. रोज. त्यांच्या यात्रेच्या वहीत शिक्का मी मारते.”

“मग शिक्का इथे आणा. कोपऱ्यात टेबल देतो. पंख्याखाली.”

पंख्याखाली! म्हणजे एव्हेलिओ जाऊन वर्ष व्हायच्या आत त्याचा बाण पुसायचा आणि त्याच्या बायकोला बाटल्यांच्या फडताळाशेजारी बसवायचं, शोभेला... तिनं मागे वळताना एक खुर्ची पाडली. मुद्दाम. मग ती उचलली नाही याचंही तिला थोडं समाधान वाटलं, आणि ते इतकं थोडं होतं की त्याचाच पुन्हा राग आला.

दुपारी बारा वाजता गावसभा होती. ओब्दुलियानं कागद तयार केला होता, चार ओळींचा: यात्रेचा रस्ता आमच्या आठवणीत कायम फ्वेन्तेसेका गावाच्या वरच्या गल्लीतूनच गेला आहे. खाली ऐंशीच्या पुढच्या तिघांच्या सह्या हव्या होत्या, दोन झाल्या होत्या. तो कागद ॲप्रनच्या खिशात दुमडून ती चालू लागली, आणि चालताना तिच्या डोक्यात सभेतलं भाषण आपोआप जुळत गेलं — की माझ्या नवऱ्यानं सडकेच्या कामातून उरलेल्या पिवळ्या रंगाचा डबा घेऊन दर वसंतात हे बाण काढले, कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकी दिली नाही, गुडघे दुखायचे तरी तो खाली बसून दगडांवरसुद्धा काढायचा, आणि ज्या दारावरून रोज तीस-चाळीस अनोळखी माणसं जातात, ‘नमस्कार’ म्हणतात, वही पुढे करतात, त्या दाराला तुम्ही एका रात्रीत... इथे आवाज कापेल. कापू दे. रोज तीस-चाळीस माणसं. ती गेली तर माझ्या दारावरून कोण जाणार? पाववाल्याची गाडी. मंगळवारी आणि शुक्रवारी.

तेओदुलो चर्चच्या भिंतीला टेकून उन्हात बसला होता, काठी दोन गुडघ्यांमध्ये. मूळचा टेकडीपलीकडच्या मोरालेदाचा. ते गाव आता रिकामं, शेवटचं दार यानंच ओढून घेतलं होतं आणि इथे लेकीकडे येऊन राहिला होता. त्यानं कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. दोनदा वाचला.

“नाही करत सही.”

“चष्मा आणू का?”

“चष्म्यानं खोटं खरं होतं का, ओब्दुलिया? रस्ता मोरालेदावरून जायचा. आमच्या कारंज्यावरून. पाद्रीबुवांनी पहिला बाण आमच्या आईच्या गुत्त्याच्या भिंतीवर काढला, मी शिडी धरली होती. शहाऐंशी सालच्या ऑगस्टात एके सकाळी उठतो तर बाण नाही. वर चिखलाचा गिलावा, ओला, त्यात गव्हाचा भुसा. छान काम होतं. हात बसलेला माणूस.”

“कोण?”

“अगं, आता माझ्याकडूनच वदवून घेणार?” तो हसला, खालचे दोन दात दिसले. “आम्ही सगळे ओळखून होतो. आईनं सांगितलं, गप्प बसा, त्यांच्या घरात पोर नाही, येऊ देत चार माणसं दारात. नंतर आमच्याकडेच कुणी येईना. आता तुमची पाळी. मार्सियालनं सांगितलं मला. पंख्याखाली बस की, मला एक ग्लास पाजशील.”

“लाज वाटू दे जरा. मेलेल्या माणसावर...”

“जिवंत होता तेव्हा सोडला ना मी त्याला? चाळीस वर्षं पत्ते खेळलो त्याच्याशी.”

तिनं कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. कोपरा फाटला. खोटारडा, म्हातारा, लेकीच्या जिवावर ऊन खाणारा — शिव्या एकामागून एक येत होत्या, आणि त्या सगळ्या बरोबर होत्या, आणि तरी वरची गल्ली चढताना ती दोनदा थांबली.

घराशी येऊन तिनं पायरीवरचा डबा उघडला. सकाळीच काढून ठेवला होता. पिवळा रंग, वर साय धरलेली. ब्रश बुडवला, राखाडी चौकोनासमोर उभी राहिली. खळ्याच्या कोपऱ्यावर एक यात्रेकरू थांबला होता, दोन काठ्या, पाठीवर यात्रेची खूण म्हणून बांधलेला शिंपला, आणि नव्या बाणाकडे न बघता गल्लीत तिच्याकडे बघत होता. हात वर केला असता तर तो आला असता. कुणालाही असंच बोलावता येतं. एव्हेलिओनं...

त्या ऑगस्टातल्या पहाटे एव्हेलिओ मोरीत उभा होता. नखांत चिखल, मनगटावर भुसा चिकटलेला. कुठला गिलावा, असं मी विचारलं तर म्हणाला, कबुतरखान्याचा. कबुतरखाना त्याच्या आदल्या हिवाळ्यात पडला होता. मातीचा ढिगारा खिडकीतून दिसत होता, मला आणि त्यालाही. मी चुलीकडे वळले. दुपारी पहिला यात्रेकरू दारात आला, एक लाल नाकाचा उंच माणूस, त्यानं पाणी मागितलं, आणि मी दिवसभर गाणं गुणगुणत होते.

ब्रशवरून रंगाचा थेंब तिच्या चपलेवर पडला. राग गेला नव्हता. फक्त आता भिंतीपुढे उभं राहून तो कुणावर काढावा ते तिला उमगेना. कोपऱ्यावरचा माणूस अजून वाट बघत होता. ती आपल्या नखाकडे बघत होती, त्या निघत नसलेल्या राखाडी रेषेकडे... त्याची नखं स्वच्छ व्हायला तेव्हा लिंबू लागलं होतं. लिंबू मीच कापून दिलं होतं.