चोवीस खंडांची बांधणी

आयुष्यात माझ्या एकाच कामाचं लोकांनी तोंड भरून कौतुक केलं, आणि नेमकं तेच काम आठवलं की मला घास गिळवत नाही.

मी बाइंडर. शाळेच्या वह्या, वकिलांच्या फायली, कुणाच्या आजोबांचं फाटकं पुस्तक, जे येईल ते बांधतो. दुकानात पुढे सरसाचं भांडं, दोऱ्याची रिळं, पुठ्ठे कापायची कात्री आणि भिंतीला खेटून पुस्तकं दाबायला लोखंडी प्रेस. मागच्या खोलीत आई. खिडकीपाशी तिचं टेबल होतं आणि दुपारी भांडीकुंडी आटोपली की ती तिथे बसायची ती दिवे लागेपर्यंत. टुक, टुक, टुक. एकोणीस वर्षं मी तो आवाज ऐकला. पहिल्या वर्षी वैतागलो, दुसऱ्या वर्षी भांडलो, पुढे कान मेले.

आई अंधांसाठी धर्मग्रंथ लिहीत होती. ब्रेलमध्ये, हाताने. बिजागरीची दोन पत्र्यांची पाटी, मध्ये जाड कागद, आणि हातात लाकडी मुठीची टोचणी. वरच्या पत्र्यात चौकटी असतात, त्यांतून एकेक टिंब दाबायचं. लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि अक्षर उलटं. उलटं का, ते मी तिला कधी विचारलं नाही. मला वाटायचं, ती कागदाला बारीक भोकं पाडते, आणि आंधळ्यांची बोटं त्या खड्ड्यांत शिरून वाचतात. एकोणीस वर्षं मी याच समजुतीत होतो. घरातल्या माणसाचं काम आपण किती पाहतो, त्याचा हा नमुना.

हे सगळं सुरू झालं एका मुलीमुळे. आमचं प्रार्थनाघर दोन गल्ल्या सोडून आहे. तिथे दर आठवड्याला पहिला अध्याय सगळे मोठ्याने म्हणतात, आणि मग अर्धा तास ज्याने त्याने पुढचा भाग मनातल्या मनात वाचायचा असतो. त्या अर्ध्या तासात हॉलमध्ये फक्त पानं उलटल्याचा आवाज येतो. आईच्या शेजारी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बसायची. जन्मापासून आंधळी. तिच्याही मांडीवर ग्रंथ असायचा, आणि आजूबाजूला पान उलटलं की तीही उलटायची. कुणाला कळू नये म्हणून. आईच्या लक्षात आलं, कारण ग्रंथ तिने उलटा धरला होता.

आईने तिला हळूच विचारलं, तर ती म्हणाली, "मावशी, तुम्ही सगळे ते पुढचं वाचता ना, त्यात काय आहे?"

आईने घरी येऊन जेवणसुद्धा केलं नाही. दुसऱ्या दिवशी अंधशाळेत जाऊन दारात उभी राहिली की मला हे लिहायला शिकवा. तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. शिकायला वर्ष गेलं. तेवढ्यात त्या मुलीच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब दुसऱ्या गावी गेलं. मी म्हटलं, सुटलो. आई म्हणाली, "पूर्ण झालं की बोलावते, असं सांगितलंय मी तिला." आणि टुक, टुक, टुक.

प्रार्थनाघरातल्यांनी तिचं नाव पाडलं टोचणीबाई. "काय टोचणीबाई, कुठवर आलात?" असं विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जायचे. तिची मागणी काही मोठी नव्हती. एक कपाट द्या, त्यात हे खंड उभे ठेवा, कुणी आंधळं माणूस आलं तर त्याला दाखवा. अध्यक्षांनी दर वेळी नवं कारण काढलं. जागा नाही. एकासाठी एवढं कशाला. नंतर म्हणाले, "हल्ली मोबाइल वाचून दाखवतो की!" आई म्हणाली, "त्या अर्ध्या तासात मोबाइल चालेल तुम्हाला?" अध्यक्षांनी घड्याळ बघितलं.

मी तरी काय वेगळा होतो? एकदा तिच्या एका खंडावर मी जेवणाचा डबा ठेवला तर ती केवढ्यांदा ओरडली. मला वाटलं, ग्रंथ म्हणून एवढं सोवळं. मी फणकाऱ्याने डबा उचलला आणि म्हणालो, "वाचायला कोण येतंय इथे?"

तिने टोचणी उचलली. पुढच्या ओळीला लागली.

चोविसावा खंड पुरा केला आणि तीन आठवड्यांत तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं गेल्यातच जमा. एखादा शब्द, तोही मोठ्या कष्टाने. मागच्या खोलीतला आवाज बंद झाला आणि माझ्या हातातलं काम पडायला लागलं. मेलेले कान एकाएकी जिवंत झाले. काय सांगू, मी सरस ढवळताना थांबायचो आणि त्या आवाजाची वाट बघायचो.

मग मात्र मी इरेला पेटलो. अध्यक्षांच्या घरी गेलो, हात जोडले, आवाज चढवला, पुन्हा हात जोडले. ते अखेर बधले. पण म्हणाले, "कपाट देऊ हो. पण ती बाडं तशीच ठेवायची? सुतळीने बांधलेली? लोक बघतील, काही शोभा नको?"

शोभा! अहो, शोभा तर माझा धंदा. माझ्या आईचे चोवीस खंड आणि ते सुतळीत? मला माझीच लाज वाटली. मी सगळी गिऱ्हाइकं दोन महिने बाजूला ठेवली. चांगलं निळं कापड आणलं, सोनेरी अक्षरांचे ठसे मागवले. बायको म्हणाली, "आईंना एकदा दाखवून घ्या ना काय करताय ते." मी म्हटलं, "बांधणीतलं तिला काय कळतंय? आणि तयार झाल्यावर बघू दे की, चकित होईल."

खंड शिवायला सोपे गेले, पण ते बसेनात. पानं फुगलेली, दोन पानांच्या मध्ये हवा, पुठ्ठा चढवला की पुस्तक पोट सुटल्यासारखं दिसायचं. बाइंडरला असं पुस्तक बघवत नाही. मी काय केलं? आयुष्यभर जे केलं तेच. एकेक खंड प्रेसमध्ये घातला आणि चाक आवळलं. एरवी एक दिवस ठेवतो, हे दोन-दोन दिवस ठेवले. जीव लावून आवळलं. बाहेर काढले तर काय देखणे दिसत होते! सपाट, काटकोनात, कडा एका रेषेत. पान उघडून बघितलं, टिंबं जिथल्या तिथे दिसत होती. भोकं काही दाबून बुजत नाहीत, असं मी स्वतःला सांगितल्याचंही आठवतं.

कपाटाच्या दिवशी हॉल भरला होता. मी त्या मुलीचा पत्ता शोधून तिला बोलावलं होतं. आता ती एकोणतीस वर्षांची, अंधशाळेत शिक्षिका. बसने सात तास प्रवास करून एकटी आली होती. आईला चाकांच्या खुर्चीत बसवून पहिल्या रांगेत आणलं. बायकोने तिचे केस विंचरून दिले होते. आईने त्या शिक्षिकेला दारातून येताना पाहिलं आणि तिच्या तोंडातून नुसता आवाज निघाला. झटक्यानंतर तिचा चेहरा एवढा उजळलेला मी पाहिला नव्हता.

अध्यक्षांनी शिक्षिकेला पहिल्या खंडातलं थोडं वाचून दाखवायला सांगितलं. मी खंड उघडून तिच्यापुढे धरला. तिने दोन्ही हात पानावर ठेवले. बोटं डावीकडून उजवीकडे गेली. पुन्हा गेली. खाली सरकली, कडेपर्यंत गेली, परत वर आली. तिने पान उलटलं, तिथेही तेच.

मग ती माझ्याकडे मान वळवून अगदी हळू म्हणाली, "दादा, ही पानं कोरी आहेत का?"

"छे, कोरी कशी? भरलेली आहेत. मला दिसताहेत ना."

"मला लागत नाहीत. कुठे कुठे खरखरतं, पण अक्षर होत नाही." तिने पानाची कड चिमटीत धरून पाहिली. "दाबून ठेवली होती का कशाखाली?"

मी पानावरून बोट फिरवलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. गुळगुळीत. माझ्याच हातची बांधणी, इस्त्री केल्यासारखी. आणि तेव्हा मला आठवलं की चूक झाली की आई पान उलटं करून त्या टिंबावर नख दाबून घासायची. टिंब वर आलेलं असतं म्हणून घासायची. वाचायचं ते दुसऱ्या बाजूने, उठलेल्या टिंबांवरून. म्हणून खंड उभे. म्हणून डबा ठेवला तर ती ओरडली. आई एकेक टिंब नखाने पुसायची, मी चाक फिरवून चोवीस खंड पुसले होते.

शिक्षिकेला माझ्या श्वासावरूनच कळलं असावं. तिने विचारलं, "मावशी आल्यात?"

"हो. समोरच आहे. पहिल्या रांगेत."

तिने मान हलवली, हात पुन्हा पानावर ठेवले, आणि वाचायला लागली. म्हणजे म्हणायला लागली, पहिला अध्याय, पहिल्या ओळीपासून. बोटं संथपणे ओळींवरून फिरत होती. आवाज इतका स्वच्छ होता की मागच्या रांगेतली खोकणारी माणसंही गप्प झाली. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं, आंधळी मुलगी वाचते आहे.

मी आईकडे बघितलं. ब्रेलच्या एका पानावर आठ-दहा ओव्या जेमतेम मावतात. हे त्या हॉलमध्ये दोघींनाच ठाऊक होतं. शिक्षिका म्हणत गेली, दहा झाल्या, वीस झाल्या, चाळीस झाल्या, आणि पान उलटायचं ती विसरली. लहानपणी न वाचता पानं उलटणारी ती मुलगी आज पान उलटायचं विसरली. आईच्या चेहऱ्यावरचा उजेड मी एकेक ओवीगणिक जाताना पाहिला. तिला सगळं कळलं होतं.

टाळ्या थांबेनात. अध्यक्षांनी माझा हात धरून मला पुढे ओढलं. "ही बांधणी बघा," ते म्हणाले. "ही सोनेरी अक्षरं बघा! आपल्या प्रार्थनाघराची शान वाढवली या माणसाने. खरी सेवा म्हणतात ती ही. त्यांच्या मातोश्रींचाही यात हातभार आहे." कुणीतरी माझ्या हातात फुलांचा गुच्छ कोंबला. मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही, आणि लोकांना वाटलं मला गहिवरून आलंय. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

खाली उतरलो तेव्हा शिक्षिका आईच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली होती. आईचा डावा हात तिने दोन्ही हातांत धरला होता. माझ्या पावलांचा आवाज ऐकून ती बाजूला सरकली, पण हात सोडला नाही.

"आई," मी म्हणालो, "माझं चुकलं गं. मी सगळं पुसलं."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. ती शिक्षिकेला काहीतरी विचारायची धडपड करत होती. ओठ वाकडे होत होते, मानेची शीर ताठ झाली होती.

"तुला," ती म्हणाली. "पाठ?"

"हो मावशी."

"सगळं?"

सगळ्या हॉलसमोर जे शिक्षिकेने रेटून नेलं होतं, ते आईच्या तोंडावर तिला जमेना.

"पहिलाच अध्याय, मावशी. तो इथे दर आठवड्याला म्हणायचे ना, तेव्हाचा. पुढचं काय आहे ते अजून मला माहीत नाही. ते वाचायलाच आले होते."

आईने आपला डावा हात सोडवून घेतला आणि मांडीवर पडलेला उजवा हात उचलला. डाव्या हाताने ती उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटायला लागली. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, टोचणी धरताना मिटतात तशी. ती आपोआप उघडली. तिने पुन्हा मिटली. पुन्हा उघडली. "पुढचं," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून बोटं मिटायला लागली.

मी गुच्छ घेऊन तिच्यासमोर उभा होतो, आणि मागून कुणीतरी माझी पाठ थोपटत होतं.