पंचाचा फेटा

गोरक्ष पैलवान ताट घेऊन खाटेवर जेवायला बसू लागला, तेव्हाच धोंडाबाईच्या मनात पाल चुकचुकली. मिसरूड फुटल्यापासून दिंडोरीची, नांदगावची, सगळीकडची जत्रेतली कुस्ती मारून घर चालवणारा हा गडी. कायम मांडी ठोकून भाकरी कुस्करणारा. आता म्हणे, "आये, खाली गार लागतं." तेही चैत्रात!

गुडघा बोलत होता, पोरगा नव्हे.

उद्या गावची जत्रा. शेवटची कुस्ती गोरक्ष आणि लखनची. लखन म्हणजे विशीतला नुसता वळू. तो आपल्या पोराला पाडणार नाही, मोडणार, हे म्हातारीला चुलीपुढे बसूनही दिसत होतं. म्हणून तिने जत्रा भरवणाऱ्या सोमनाथकाकांना निरोप धाडला. ते पंचाचा फेटा घेऊन आले. गावाने हा फेटा एकदा बांधला, की पैलवान पुन्हा लंगोट कसत नाही, अशी तिथली रीत.

"काका, हा म्हाताऱ्यांना बांधा," गोरक्ष गुरगुरला.

"म्हातारी मी हाय. मला बांधतील का?" धोंडाबाई म्हणाली. सोमनाथकाका उगाच खोकले.

चक्की आल्यापासून कोपऱ्यात पडून असलेल्या जात्याला पाठ लावून ती बसली. समोर पोराचं ताट मांडलं.

"बैस. जेवून हात न टेकता उठायचं. उठलास, तर उद्या खुशाल लढ, मी सोता नारळ फोडते. मी उठले आन् तू टेकलास, तर फेटा."

"तुझ्यासंगं कुस्ती? लोकं हसतील, आये."

"उद्या रडण्यापरीस आज हसू दे."

गोरक्ष बसला. धोंडाबाईने पिठलं-भाकरी अशी चघळत चघळत खाल्ली, की काकांना जांभया आल्या. बसून बसून गुडघा कसा आखडतो, हे तिला तिच्याच गुडघ्याने शिकवलं होतं.

"चल, ऊठ आता!"

आणि पदर सावरत ती आधी उठलीसुद्धा. गोरक्षने दम भरला. लालबुंद झाला. आईकडे बघितलं, तिच्या मागे कोपऱ्यात बघितलं, आणि पंजा सपकन जमिनीवर टेकवला. काकांनी लगेच फेट्याची घडी मोडली.

दुसऱ्या दिवशी लखन लढला दुसऱ्याच गड्याशी, आणि आधी पाया पडला तो पंचाच्या. त्या खुर्चीत गोरक्ष असा ऐटीत बसला होता, की जणू जन्मला तोच फेटा बांधून.

संध्याकाळी खाटेवर जेवता जेवता तो म्हणाला, "आये, काल पदराखालून जात्याचा खुंटा लय घट्ट धरला व्हतास."

धोंडाबाईच्या हातातला कालथा थांबला. पण जीभ थांबेल तर ती धोंडाबाई कसली?

"पंचानं जत्रेतल्या कुस्त्या बघाव्या. घरातल्या नाय. आन् दिसला व्हता, तर तवाच का नाय बोललास?"

गोरक्षने भाकरी कुस्करली.

"बोललो असतो, तर आज लढावं लागलं असतं."

"मग गिळ मुकाट," म्हणत तिने त्याच्या ताटात आणखी एक गरम भाकरी टाकली.