फौजी पट्ट्या

आमच्या घराण्यात कुणी दचकत नाही, हे आबांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की मलाही ते खरं वाटे. आबा म्हणजे माझे वडील, पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले हवालदार. दिवाळीत फटाके सुरू झाले की मात्र ते मळ्यावर राहायला जायचे. पोरांचा गोंगाट सोसत नाही म्हणायचे.

त्रेचाळीसच्या दिवाळीनंतर कोरेगावात माझ्या भावाच्या बाळाचं बारसं झालं. भाऊ मानसिंग तेव्हा इटलीत लढत होता. बाळाचं नाव लालासाहेब ठेवलं, पेढे वाटले आणि आबांच्या डोळ्यांदेखत कुणाच्या तरी हातून परात निसटून पडली. बाळानं दोन्ही हात बाजूला फेकले, बोटं फाकवली आणि टाहो फोडला.

"फौजीचं प्वार आन दचकतंय?" आबा चारचौघांत गरजले.

"आवं आबा, समदीच पोरं दचकत्यात," मी म्हणाले.

ऐकतील तर ते आबा कसले! ट्रंकेतून त्यांनी पायाला गुंडाळायच्या लोकरी फौजी पट्ट्या काढल्या. रोज अंघोळ झाली की बाळाचे हात अंगाशी, पाय सरळ, आणि खांद्यापासून घोट्यापर्यंत आवळून पट्टी. आम्हीही बाळाला दुपट्यात गुंडाळतो, पण सैलसर, झोपेपुरतं. माझी भावजय शालू रडली. सासऱ्यापुढं तिचं काय चालणार? मी भांडभांड भांडले आणि सांगलीला सासरी निघून गेले.

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले तेव्हा लालासाहेब सहा महिन्यांचा झाला होता. आबा ओसरीवरच छाती फुगवून म्हणाले, "बघ रंगे, आता बंदूक वाजली तरी हालायचा न्हाई."

मी बाळापुढं बांगड्या वाजवल्या. तो हसला, टक लावून पाहत राहिला. मी घाईघाईनं पट्ट्या सोडल्या. काडीसारखे पाय, अंगभर वळ. हात मोकळे झाले तरी बांगड्यांकडे येईनात. मी त्याच्या तळहातात बोट ठेवलं. कालचं जन्मलेलं पोरसुद्धा बोट घट्ट धरतं. ह्यानं धरलं नाही.

"आबा, ह्ये काय करून ठिवलंसा!" मी किंचाळलेच.

दुसऱ्या दिवशी आगगाडीनं सांगली गाठली. बाळाला घेऊन शालू आणि मी. आबाही आले, डॉक्टरला चार शब्द सुनावायच्या तयारीनं. डॉक्टर चौगुल्यांनी बाळाला पालथं घालून पाहिलं, पाय दुमडून फाकवून पाहिले. उजवा पाय फाकेना.

"खुबा सरकलाय," ते म्हणाले. "पाय ताणून बांधले की असं होतं. हवालदार, दचकणं हा भित्रेपणा नव्हे. ती बाळाची पहिली कवायत. हात फेकायचे, मूठ वळायची, पाय झाडायचे. त्यातूनच पोर पुढं वस्तू धरतं, उलटतं, रांगतं. दचकणं तर चार-पाच महिन्यांत आपलं आपण जातं. तुम्ही कवायतच बंद पाडलीत."

"पर चालंल न्हवं?" शालूनं विचारलं.

"हात येतील, खेळवत राहा. पायाला प्लास्टर घालू. चालेल. लंगडेल का, ते आज सांगता येत नाही."

शालूनं बाळाला उचलून छातीशी धरलं. आबा ताठ उभे होते. "लंगडला तर लंगडला, पर भित्रा तरी..."

तेवढ्यात त्यांच्या मागं कंपाउंडरच्या हातून पितळी घमेलं फरशीवर पडलं.

आबांचे दोन्ही हात बाजूला उडाले, बोटं फाकली. बारशात बाळाचे उडाले होते, अगदी तस्से. दुसऱ्या क्षणी ते टेबलाखाली घुसले आणि डोक्यावर हात घेऊन थरथरू लागले.

माझे आबा! दर दिवाळीला ते मळ्यावर का पळत, ते मला तेव्हा कळलं.

"बसऱ्यापास्नं आसंच हुतंय, रंगे," ते खालूनच म्हणाले. "पल्टन हसायची मला. ह्येला कुनी हसू नये म्हून बांदलं गं."

मला त्यांची दया आली, आणि रागही तितकाच आला.

"आता तो चालाय लागला की हसतील की वं, आबा," मी म्हणाले.